बाराचा झोका, सोळाची वीण

कागदावर एका ओळीत बारा घरं आखा आणि तीन-तीनचे चार गट पाडा. १, ४, ७ आणि १० या घरांत टिंब द्या. या झाल्या चार मात्रा. आता ६ आणि १२ या घरांतही टिंब द्या आणि टेबलावर बोटाने ते ठोके एकसारख्या लयीत वाजवत राहा: टिंग, टिंग-ट टिंग, टिंग-ट टिंग. जॅझमध्ये राइड नावाच्या मोठ्या झांजेवर ड्रमर रात्रभर जे वाजवत असतो, ते हेच.

त्याखाली दुसरी ओळ सोळा घरांची आखा, चार-चारच्या गटांत. सोळाही घरांत बारीक टिंब द्या, पण ५ आणि १३ ही घरं ठळक करा. हा झाला सोल आणि फंक या काळ्या अमेरिकी संगीतप्रकारांचा सांगाडा. तबला शिकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल की द्रुत तीनतालातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीच्या जागा नेमक्या याच आहेत.

अमेरिकी लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुतेक वेळा गायकांच्या आणि गिटारवाल्यांच्या नावांनी सांगितला जातो. माझ्या मते तो या दोन ओळींमधून जास्त नेमका कळतो. १९२३ ते १९६९ या काळात हे संगीत बाराच्या ओळीवरून सोळाच्या ओळीवर आलं आणि त्याच प्रवासात जोराचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पक्का बसला. हे घडवलं मुख्यतः ड्रमरांनी, आणि तबकडीच्या लेबलवर त्यांतल्या बहुतेकांचं नाव नाही. म्हणून इथे क्रम त्यांचा लावला आहे. गायक त्यांच्या आगेमागे येतील.

सुरुवातीलाच एक अडचण सांगितली पाहिजे. १९२५ च्या आधीच्या तबकड्या ऐकून त्या काळचा ठेका कळत नाही. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वाजवायला गेला, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी वाजवायचं, हवेच्या कंपनांनी पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर खाच कोरत जायची. बास ड्रमचा (मोठ्या, खोल आवाजाच्या ढोलाचा) जोरदार ठोका बसला की सुई खाचेतून उडायची आणि मेण वाया जायचं. त्यामुळे न्यू ऑर्लीन्सचा बेबी डॉड्स हा त्या बँडचा ड्रमर तिथे मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर वाजवताना ऐकू येतो. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) इतका दणकट होता की त्यालाही बाकीच्यांपासून दूर उभं करावं लागलं. आज ऐकताना ‘त्या काळी ड्रम किती किरकोळ होता’ असं वाटतं, पण ती कर्ण्याची मर्यादा होती. रस्त्यावरच्या मिरवणुकांत आणि नाचाच्या हॉलमध्ये बास ड्रम दणक्यात वाजत होता.

आर्मस्ट्राँगने १२ नोव्हेंबर १९२५ पासून शिकागोत ओके कंपनीसाठी ज्या ‘हॉट फाइव्ह’ तबकड्या केल्या, त्यांत तर ड्रमरच नाही. ताल सांभाळायला फक्त बँजो आणि पियानो. मे १९२७ मध्ये ट्यूबा आणि बेबी डॉड्स आले आणि ‘हॉट सेव्हन’ झालं. तोवर ध्वनिमुद्रण विजेवर आलं होतं. त्या सत्रांतली ‘पोटॅटो हेड ब्लूज’ शांतपणे ऐकावी. तिच्या उत्तरार्धात बँड दर दोन आवर्तनांत (चार मात्रांचं एक आवर्तन) फक्त पहिल्या मात्रेवर एक ठोका देतो आणि गप्प बसतो. मधल्या मोकळ्या जागेत आर्मस्ट्राँग एकटा. ताल धरायला कोणी नाही, तरी बारा घरांचा झोका एकदाही चुकत नाही. कुठे तो स्वर घराच्या किंचित मागे ठेवतो, कुठे तीन स्वर तीन घरांत सारखे बसवतो. ‘स्विंग’ म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पुढे ड्रमरांनी झांजेवर जे केलं, ते आधी या कॉर्नेटने करून दाखवलं.

ही लय मुंबईत पोचायलाही फार वेळ लागला नाही. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे आफ्रिकी-अमेरिकी वादक वाजवत होते आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडून शिकत होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँगचं वळण गिरवत आणि सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत. ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

पुन्हा बारा घरांकडे. नवशिके हमखास चुकतात ते इथे. झोका म्हणजे कायम २:१, असं धरून ते मशीनसारखं वाजवतात. प्रत्यक्षात हे प्रमाण लयीबरोबर बदलतं. संथ लयीत दुसरा ठोका आणखी उशिरा, पुढच्या मात्रेला जवळजवळ चिकटून येतो. लय फार वाढली की दोन्ही ठोके जवळपास सारख्या अंतरावर येतात, कारण त्या वेगात हाताला आणि कानाला २:१ पेलत नाही. म्हणून बारा घरांचा कागद हा नकाशा समजा. एकदा ठोके हातात बसले की कागद बाजूला ठेवून तबकडीबरोबर वाजवा.

काउंट बेसीच्या बँडमध्ये जो जोन्सने १९३० च्या दशकात हा झोका हाय-हॅटवर नेला. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या दोन झांजा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पायाने बंद, मध्ये किंचित उघड्या, त्यामुळे ‘त्सिस्’ असा लांबट आवाज. खाली वॉल्टर पेजचा उभा बास आणि फ्रेडी ग्रीनची गिटार चारही मात्रा सारख्या वजनाने चालवत. बास ड्रम इतका हलका की ऐकू येण्यापेक्षा जाणवायचा. मग १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस या क्लबच्या मंचावर केनी क्लार्कने ताल हाय-हॅटवरून उचलून राइड झांजेवर ठेवला. बास ड्रम आणि स्नेअर (म्हणजे खालून तारा बसवलेला, कडक वाजणारा ड्रम) मोकळे झाले आणि सोलोवाल्याला मध्येच टोकायला लागले. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या बीबॉपला, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझला, पायाखालची जमीन तिथून मिळाली. जॅझ पुढे कितीही वळला, तरी राइडवरचा झोका बहुतेक टिकला.

नाचणाऱ्यांना मात्र दुसरं काही हवं होतं. लुई जॉर्डनचा टिंपनी फाइव्ह हा छोटा बँड १९४० च्या दशकात शफल वाजवत होता: बारा घरांतली १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ ही आठही घरं. राइडच्या ठेक्यात फक्त दोन मात्रांना शेपूट असते, शफलमध्ये चारही मात्रांना. ‘ढिक-का ढिक-का’ असं सतत चालणारं हे चाक म्हणजे बोटं आणि तळवा यांचं काम. टेबलावर वाजवून बघितलं तर दोन मिनिटांत मनगट भरून येतं. त्यामुळे शफल वाजवणाऱ्याने दुसरा, छोटा ठोका हाताने मारायचा नाही, पहिल्या ठोक्याची उसळी तिथे पकडायची.

आता २ आणि ४ ची गोष्ट. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देणं ही काळ्या अमेरिकी चर्चमधली जुनी रीत. भजनात टाळ समेवर पडते, तशी तिथे टाळी समेच्या पुढच्या मात्रेवर. जॅझवालेही ते करत, पण न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या बँडांत हा जोर मुख्यतः गाण्याच्या शेवटच्या फेरीसाठी राखलेला असे. सगळे एकदम सुटले की ड्रमर २ आणि ४ दणकावायचा. म्हणजे तो शिखराचा ठेका होता.

अर्ल पामरने तो शिखरावरून काढून पूर्ण गाण्याखाली अंथरला.

पामर न्यू ऑर्लीन्सचा, जन्म १९२४. लहानपणी टॅप नाचणारा, म्हणजे ताल आधी पायांत आलेला. डेव्ह बार्थोलोम्यूच्या बँडमध्ये तो वाजवायचा आणि हाच बँड कोझिमो मटासाच्या स्टुडिओत, रॅम्पार्ट आणि ड्यूमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत, गायकांना साथ करायचा. १० डिसेंबर १९४९ ला तिथे फॅट्स डोमिनोचं ‘द फॅट मॅन’ मुद्रित झालं. तेव्हा मटासा थेट तबकडीवर मुद्रण करत होता. जोडकाम नाही, दुरुस्ती नाही. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. डोमिनोचा पियानो इतका जाड आणि भरगच्च होता की त्याखाली नाजूक झांज टिकली नसती. पामरने नंतर सांगितलेलं कारण असं, की त्या गाण्याला सबंध भर जोरदार बॅकबीट, म्हणजे २ आणि ४ वरचा ठोका, हवा होता आणि त्याच्या ओळखीची जवळची गोष्ट होती ती जुन्या जॅझची शेवटची फेरी. त्याने ती पहिल्या ओळीपासून लावली. हे ऐकताना हेडफोन लावा. छोट्या स्पीकरवर पियानो सगळं झाकून टाकतो आणि मागे पडणारा स्नेअर निसटतो.

पण डोमिनोखाली अजून झोकाच आहे. बाराची ओळ मोडली ती लिटल रिचर्डच्या उजव्या हाताने. १४ सप्टेंबर १९५५ ला याच खोलीत ‘टुटी फ्रुटी’ झालं. रिचर्ड पियानोवर एका मात्रेचे दोन सारखे भाग करून हातोडीसारखा वाजवत होता: आठ सरळ ठोके, झोका शून्य. त्यावर शफल लावला की दोघं एकमेकांना घासतात. किती घासतात, ते आकड्यांत बघा. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. शफलचा दुसरा ठोका २५० वर पडतो, सरळ ठोका १८७ च्या आसपास. फरक साठेक मिलिसेकंदांचा. वाचायला क्षुल्लक वाटतो, पण कानाला तो प्रत्येक मात्रेला दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. पामरच्याच सांगण्यानुसार, रिचर्डच्या हाताशी जुळवून घेताना त्याने शफल सोडून दिला. १९५७ मध्ये बाजारात आलेलं ‘लुसिल’ ऐकलं की कळतं: सगळा बँड सरळ आठावर, स्नेअर २ आणि ४ वर. पुढच्या दहा वर्षांतलं बहुतेक रॉक याच मांडणीवर उभं आहे.

मधल्या काळात मात्र अनेक तबकड्यांत दोन्ही ओळी एकाच वेळी चालू होत्या आणि मला तो काळ सगळ्यांत जास्त आवडतो. चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) शिकागोच्या चेस कंपनीचं. गिटार सरळ आठांत वाजते. ड्रमवर फ्रेड बिलो हा जॅझ शिकलेला माणूस, त्याचा हात झोक्याकडे ओढतो. कोणी कोणाला नमत नाही. दुसरा ठोका १८७ वरही नाही आणि २५० वरही नाही, मध्येच कुठेतरी तरंगतो. आज हे गाणं वाजवणारे बँड बहुतेक वेळा सगळ्यांना सरळ आठावर आणतात आणि मग ते धावतं, पण उडत नाही. दुरुस्ती सोपी आहे: गिटारवाल्याने काहीच बदलायचं नाही, ड्रमरने फक्त उजव्या हाताने हलका झोका ठेवायचा आणि एकमेकांकडे लक्ष न देता बासकडे कान द्यायचा.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे गाणं आहे. तिच्यावरच ‘हॉट सेव्हन’चं ‘मेलन्कली ब्लूज’ आहे, म्हणजे बेबी डॉड्सही गेला. आणि त्याच तबकडीवर केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं ‘जात कहाँ हो’. डॉड्स आणि बिलो यांचे ठोके केसरबाईंच्या सुरांशेजारी सूर्यमालेबाहेर चालले आहेत, हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

ड्रमच नसेल तर काय करायचं, याचीही उत्तरं त्या पिढीने काढली. ५ जुलै १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं, तेव्हा ड्रमर नव्हताच. बिल ब्लॅक उभ्या बासची तार ओढून पट्टीवर आपटत होता आणि त्या चापटीने स्नेअरची जागा घेतली. जॉनी कॅशकडेही सुरुवातीला ड्रम नव्हता. तो गिटारच्या तारांमधून कागद ओवून घ्यायचा. ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) मध्ये जो खरखरीत ‘चक-चक’ आवाज आहे, तो त्या कागदाचा. घरी करून बघायचं असेल तर कडक कागदाची बोटभर रुंद पट्टी ब्रिजजवळ (तारा खाली टेकतात तिथे) तारांच्या खालून-वरून ओवा. फार आत ढकललीत तर सूर मरतो, फार सैल राहिली तर नुसती फडफड. बडी हॉलीच्या ‘एव्हरीडे’त (१९५७) त्याचा ड्रमर जेरी ॲलिसन ड्रमला हात न लावता स्वतःच्या मांड्यांवर वाजवतो आणि ‘नॉट फेड अवे’त पुठ्ठ्याच्या खोक्यावर.

अंगावर वाजवण्यामागे मोठा आणि दुःखाचा इतिहास आहे. १७३९ च्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० च्या कायद्यात गुलामांना ढोल बाळगायला बंदी घातली, कारण ढोलावरून निरोप जातात अशी मालकांना भीती होती. ढोल गेले, पण ताल मांड्या, छाती आणि तळव्यांवर जिवंत राहिला. त्यालाच पुढे ‘हॅमबोन’ म्हणू लागले. १९५५ मध्ये बो डिडलीने शिकागोत स्वतःच्या नावाचं जे गाणं केलं, त्यात हा ताल गिटारवर आला. सोळा घरांत १, ४, ७, ११, १३ वर टाळ्या द्या. तोंडाने सोळा मोजा आणि पायाने १, ५, ९, १३ चालू ठेवा. पहिल्या तीन टाळ्या तीन-तीन घरांच्या अंतराने आहेत, त्यामुळे पाय त्यांच्यामागे ओढला जातो आणि तालाचं तीनमध्ये रूपांतर होऊन बसतं. चूक हमखास ७ वरून ११ वर जाताना होते. ते अंतर चार घरांचं आहे, घाई झाली की टाळी १० वर पडते. डिडलीचा साथीदार जेरोम ग्रीन याच्या मराकासकडे (खुळखुळ्यांकडे) लक्ष ठेवलं की ही चूक सुटते, कारण ते मधली घरं भरत असतात.

सोळाच्या ओळीवरचं आणखी एक वळण अपघाताने मिळालं. जुलै १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत रोनेट्स या गायिकांच्या गटाचं ‘बी माय बेबी’ मुद्रित होत होतं. बास ड्रम १, ७ आणि ९ वर, स्नेअर फक्त १३ वर: धूम, धु-धूम, टाक! ड्रमर हॅल ब्लेन सांगायचा की ५ वरचा स्नेअर त्याच्याकडून चुकून राहिला, म्हणून त्याने पुढेही तो मुद्दाम सोडला, म्हणजे चूक ठेक्यासारखी वाटेल. त्या रिकाम्या ५ मुळे १३ वरचा ठोका दुप्पट मोठा वाटतो.

मोटाऊन या तबकडी कंपनीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे ड्रमपेक्षा जेम्स जेमर्सनच्या बासवर वेगळं लिहिणं भाग आहे. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाच्या घरात हा स्टुडिओ होता. बेनी बेंजामिन आणि त्याच्या साथीदारांनी तिथे अनेक गाण्यांत स्नेअर चारही मात्रांवर दिला. ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’ (१९६५) घ्या. मग २ आणि ४ वेगळे कसे कळणार? त्यासाठी डफलीसारखी टँबरिन आणि टाळ्या. नाचायला नवख्या माणसालाही पाय कुठे टाकायचा हे सापडावं, इतकं सोपं.

मेम्फिसमध्ये, मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरच्या जुन्या सिनेमागृहातल्या स्टॅक्स स्टुडिओत, नेमकं उलट चाललं होतं. तिथल्या अल जॅक्सन ज्युनिअरकडे माझ्या मते सगळ्यांत कमी ठोके होते आणि सगळ्यांत जास्त वजन. मे १९६५ मध्ये विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ मुद्रित होताना निर्माता जेरी वेक्सलर खोलीत येऊन ‘जर्क’ हा नवा नाच करून दाखवू लागला. त्या नाचात शरीराचा झटका २ आणि ४ वर येतो. जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी २ आणि ४ चा ठोका केसभर मागे ठेवला. लय तीच, फक्त तो ठोका उशिरा, जणू हात वर अडकून मग पडतोय. गाण्याच्या शीर्षकाची ओळ येते तिथे हे स्पष्ट कळतं.

हे करायला गेलेले बहुतेक जण गाणंच संथ करून टाकतात. कारण ते सगळं शरीर मागे नेतात. जॅक्सनची रीत अशी: उजवा हात हाय-हॅटवर वेळेवर, उजवा पाय १ आणि ३ वर वेळेवर, उशीर फक्त डाव्या हाताला. आधी मेट्रोनोम (टक्-टक् करून लय देणारं यंत्र) लावून नुसता उजवा हात आणि पाय पाच मिनिटं चालवा. मग डावा हात हाय-हॅटच्या ठोक्याबरोबर न मारता त्याचा आवाज ऐकून मारा. दोन आवाज चिकटून, ‘त्ठक्’ असे ऐकू आले तर बरोबर. ‘ट-ठक्’ असे सुटे ऐकू आले तर फार मागे गेलात. स्नेअरवर तो पैशाचं पाकीट ठेवायचा असं सांगतात. त्याने ठोक्याची शेपूट कापली जाते आणि उशीर नेमका कळतो. घडी घातलेला रुमालही चालतो.

आणि मग जेम्स ब्राउन. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ (१९६५) पासून तो बँडला पहिल्या मात्रेवर, ‘द वन’वर, एकत्र आणू लागला. आपल्याला हे समजायला सोपं आहे: सम गाठायची, मग मध्ये कुठेही फिरा. बास, गिटार, ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखे भोंगे, प्रत्येकाला एक छोटा तुकडा आणि तो घड्याळासारखा फिरवत राहायचा. राग बदलत नाही, सूरसंगती जवळजवळ बदलत नाही. सगळी हालचाल सोळा घरांत.

त्या घरांत क्लाइड स्टबलफील्डने जे विणलं, तिथे माझी नजर खिळते. चॅटनूगाचा हा मुलगा कुठे ताल शिकायला गेला नव्हता. कारखान्यांचे, आगगाडीचे आवाज ऐकत हात बसला असं तो सांगायचा. ‘कोल्ड स्वेट’मध्ये (१९६७) पहिला स्नेअर ५ वर येतो आणि दुसरा १३ वर अपेक्षित असताना १५ वर. दोन घरं पुढे सरकवलेला तो एक ठोका सगळ्या बँडला पुढे झुकवतो. बॅकबीट एकदा कानात पक्का बसल्यावरच तो हलवता येतो, म्हणून पामरशिवाय हे शक्य नव्हतं.

२० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत किंग स्टुडिओत ‘फंकी ड्रमर’ झालं. त्यातले वीसेक सेकंदांचे एकट्या ड्रमचे तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी कापून शेकडो गाण्यांखाली लावले. पब्लिक एनिमी या हिप-हॉप गटाच्या ‘फाइट द पॉवर’मध्येही ते आहेत. स्टबलफील्डला त्याचा मोबदला मिळाला नाही. गाण्याचा हक्क मिळतो तो चाल आणि शब्द लिहिणाऱ्याला, आणि लेबलवर लेखक म्हणून नाव ब्राउनचं. ज्या आठ आवर्तनांसाठी जग ते गाणं ओळखतं, ती कायद्याच्या नजरेत ‘रचना’ नव्हेत. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. पामरला निदान २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादक म्हणून घेतलं. स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला.

हा ठेका बसवायचा असेल तर लय मिनिटाला ६० ठेवा. मूळ लय सुमारे १०० आहे, तिथे महिनाभर जाऊ नका. उजव्या हाताने हाय-हॅटवर सोळा घरं, एकाच हाताने. मनगट ताठ राहिलं की दहाव्या आवर्तनाला कोपरापर्यंत दुखतं, म्हणून १, ५, ९, १३ वर काडीचा मानेकडचा भाग आणि मधल्या घरांवर टोक, म्हणजे मनगट आपोआप वर-खाली होतं. डाव्या हाताने ५ आणि १३ वर मोठा ठोका, काडी वीतभर उंचीवरून. त्यांच्या मध्ये ८, १० आणि १२ वर भुतासारखे हलके ठोके, काडी कातड्यापासून दोन बोटांपेक्षा वर नको. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. मोठ्या ठोक्यानंतर काडी उसळून वर राहते आणि पुढचा हलका ठोका जोरात पडतो, मग ५ आणि १३ चं वजन जातं. मोठा ठोका मारल्याबरोबर काडी खालीच रोखायची. तबल्यावर बंद बोल वाजवताना पंजा टेकवून ठेवतो, तसंच.

ड्रम नसलेल्यांनी टेबलावर उजव्या हाताच्या बोटांनी सोळा, डाव्या तळव्याने ५ आणि १३, डाव्या तर्जनीने ८, १० आणि १२. आणि नुसतं ऐकायचं असेल तर आधी २ आणि ४ शोधायला शिका. मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा प्रत्येक टक् म्हणजे २ किंवा ४ असं धरा. दोन टकांच्या मध्ये मोठ्याने ‘एक’ आणि ‘तीन’ म्हणा. थोड्या वेळाने कान घसरतो आणि टक् समेवर जाऊन बसतो. आपल्याकडे टाळी समेवर द्यायची सवय असल्याने हे लवकरच होतं. घसरलात की थांबा आणि ‘एक’ पुन्हा मोठ्याने म्हणा. फ्रान्समधल्या एका मैफलीत न्यू ऑर्लीन्सचा पियानोवादक हॅरी कॉनिक ज्युनिअर याच्यासमोर सगळे श्रोते १ आणि ३ वर टाळ्या देत होते. त्याने न थांबता एका आवर्तनात पाचवी मात्रा घातली आणि टाळ्या तशाच चालू राहून २ आणि ४ वर जाऊन पडल्या. मागचा ड्रमर आनंदाने हात वर करतो. ती चित्रफीत बघताना पाचवी मात्रा नेमकी कुठे आली हे बोटावर मोजून पकडा. दोन-तीनदा बघावं लागतं.

त्यानंतर ‘फंकी ड्रमर’ची सात मिनिटांची पूर्ण आवृत्ती लावा, १९८६ च्या ‘इन द जंगल ग्रूव्ह’ या संग्रहात आहे ती. साडेपाच मिनिटांच्या आसपास ब्राउन बँडला सांगतो की ड्रमरला एकटं सोडा, आणि चार मोजतो. तिथून आठ आवर्तनं स्टबलफील्डची. पहिल्या वेळी फक्त ५ आणि १३ ऐका, दुसऱ्या वेळी मधले हलके ठोके, तिसऱ्या वेळी हाय-हॅट कुठे उघडते ते.